पैसे परत घेतले, नाणं परत दिलं नाही

ऑनलाइन लिलावात बनावट नाणं गळ्यात पडलं तर पैसे परत मिळवणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. अवघड आहे ते त्या नाण्याला पुन्हा बाजारात जाऊ न देणं. माझा सगळा झगडा या दुसऱ्या गोष्टीसाठी होता, आणि त्यात काय काय करावं लागलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण माझ्यासारखे कितीतरी संग्राहक पैसे मिळाले की विषय संपवतात.

नाणं होतं 1939 चा चांदीचा रुपया. सहाव्या जॉर्जचा, मुंबई टांकसाळीचा. ब्रिटिश काळातल्या रुपयांमध्ये याचं स्थान वेगळं आहे. 1835 पासून चालत आलेला 11.66 ग्रॅमचा, 91.7 टक्के चांदीचा जो रुपया, त्या मालिकेतला हा शेवटचा. 1940 मध्ये युद्धामुळे चांदी निम्म्यावर आणली, आणि जुन्या शुद्धतेचे रुपये त्या दशकात सरकारनं मागे घेऊन वितळवले. 1947 मध्ये तर रुपयातून चांदी पूर्णच गेली, तो निकेलचा झाला. त्यामुळे 1938 चा रुपया बाजारात मिळतो, पण 1939 चा दिसला की संग्राहकाचे डोळे विस्फारतात. नकला करणाऱ्यांना हे आपल्यापेक्षा आधी कळतं.

पाकीट आलं तेव्हा फोन स्टँडवर लावून, पाकिटावरचा क्रमांक दाखवत, एकाच सलग व्हिडिओत ते उघडलं. ही सवय मी सगळ्यांना लावून घ्यायला सांगते. मध्ये व्हिडिओ तुटला की ‘नाणं तुम्हीच बदललं’ असं म्हणायला समोरच्याला वाव मिळतो.

काट्यावर वजन आलं 11.6 ग्रॅम. अगदी हवं तसं. लोहचुंबकाला चिकटलं नाही. इथे पुष्कळ जण थांबतात आणि नाणं अल्बममध्ये जातं. पण हल्ली वजन बरोबर आणणं नकला करणाऱ्यांना सहज जमतं, आणि जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातूही चुंबकाला दाद देत नाही. म्हणून मी नाणं पाण्यात तोलते. त्याची रीत सोपी आहे. शतांश ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा घ्यायचा, त्यावर पाण्याचा पेला ठेवायचा आणि काटा शून्यावर आणायचा. मग नाणं बारीक दोऱ्यानं बांधून पाण्यात अधांतरी सोडायचं. तळाला किंवा काठाला टेकू द्यायचं नाही, अंगावर बुडबुडे राहू द्यायचे नाहीत. काटा जो आकडा दाखवेल तितके घनसेंटिमीटर त्या नाण्याचं आकारमान. जुन्या शुद्धतेच्या रुपयाला हा आकडा 1.13 च्या आसपास यायला हवा. माझ्या संग्रहातल्या 1938 च्या रुपयानं तेवढाच दाखवला. या नव्या नाण्यानं दाखवला 1.33.

वजन तेच, व्यास तोच आणि धातू हलका, तर नाणं जाड असणारच. जाडी मोजायला व्हर्निअर लावला. 1938 च्या रुपयापेक्षा हे पाव मिलिमीटरहून जास्त जाड भरलं. बोटांना हा फरक जाणवत नाही, पण दोन्ही नाणी शेजारी शेजारी उभी धरून कडेकडून पाहिली की लगेच दिसतो. भिंगाखाली कडेवरच्या उभ्या रेघाही ठिकठिकाणी कानशीनं ओढल्यासारख्या, कमी-जास्त अंतराच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पुण्यात सोन्या मारुती चौकाजवळ टंच काढून घेतला, म्हणजे मशीनवर धातूची शुद्धता तपासून घेतली. टंच काढणाऱ्या काकांनी आधीच सांगितलं, ‘ताई, मशीन वरचाच थर वाचतं. मुलामा जाड असेल तर चांदीच दाखवेल.’ मुलामा पातळ होता. चांदीबरोबर निकेल आणि जस्त दोन्ही आले. छापील पट्टी घेतली आणि त्यावर नाण्याचा फोटो छापून तारीख-शिक्का मारून घेतला. पाण्यातली तोलणी आणि टंचाची पट्टी, दोन्ही हवेत. एकट्या टंचावर विसंबून तक्रार केली की ती कोलमडू शकते.

विक्रेत्याला लिहिलं. त्याचं उत्तर जाणकाराचं होतं: ‘मॅडम, युद्धकाळातल्या रुपयात निकेल आणि जस्त असतंच.’ असतं, पण 1940 पासूनच्या रुपयांत. आणि त्यातही निम्मी चांदी असल्यामुळे पाण्यातला आकडा 1.22 च्या आसपास येतो, 1.33 नाही. 1939 चा रुपया तर निकेल येण्याआधीचा, जुन्या मालिकेतला शेवटचा. हे लिहिल्यावर त्याचा सूर बदलला. ‘माल पसंत नसेल तर परत पाठवा, पूर्ण पैसे मिळतील.’

लिलावाच्या ॲपवाल्यांचंही तेच म्हणणं. चॅटवरचा मुलगा सौजन्यानं बोलत होता, पण त्याच्यापुढे एकच रस्ता होता: परतीचं लेबल छापा, नाणं पाठवा, ते विक्रेत्याला पोचलं की पैसे जमा. म्हणजे बनावट नाणं मी माझ्या हातानं, कुरिअरचा खर्च ॲपच्या माथी मारून, त्याच माणसाकडे पोचवायचं आणि त्यानं ते पुढच्या आठवड्यात दुसऱ्याला विकायचं. शंभरातल्या दहा गिऱ्हाईकांनी तक्रार केली तरी त्याचं काहीच बिघडत नाही. खोटेपणा पकडणाऱ्याला पैसे, न पकडणाऱ्याला नाणं. मला हे पटणं शक्य नव्हतं.

परतीची मुदत चालू असतानाच मी लेखी कळवलं की नाणं परत द्यायला नकार नाही, पण ते फसवणुकीचा पुरावा आहे. ते माझ्याकडे सीलबंद राहील आणि पोलिसांनी किंवा ग्राहक आयोगानं मागितल्यास हजर करीन. हे मुदतीच्या आत लिहिणं फार महत्त्वाचं आहे. चॅटवर वाद घालत बसलं की मुदत सरते आणि मग पैसेही जातात.

त्यानंतर तक्रार निवारण अधिकारी. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार अशा प्रत्येक ॲपला हा अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो, तक्रारीची पोच 48 तासांत द्यावी लागते आणि महिन्याच्या आत निवारण करावं लागतं. नाव शोधायला बरंच खाली जावं लागलं, पण होतं. पोच आली. उत्तर मात्र चॅटवरच्याच वाक्यांचं. एका नाण्याची एक तक्रार म्हणजे त्यांच्या लेखी ‘विक्रेता आणि ग्राहक यांच्यातला मतभेद’. हा मतभेद नाही हे दाखवायला नाण्याचं जुळं भावंड सापडायला हवं होतं.

खऱ्या नाण्याचा साचा घेऊन नकला काढल्या की मूळ नाण्यावरचे ओरखडे, टोचे सगळ्या नकलांवर जसेच्या तसे उतरतात. माझ्याकडच्या नाण्यावर राजाच्या गालावर एक तिरका ओरखडा होता आणि ‘एम्परर’ शब्दाच्या शेवटच्या अक्षराशेजारी कडेला बारीक खळगा. वापरातल्या दोन खऱ्या नाण्यांवर तोच ओरखडा, त्याच कोनात, त्याच लांबीचा असणं अशक्य. मी आणि माझे संग्राहक मित्र जुन्या लिलावांची पानं उपसायला बसलो. विक्रेत्यानं माझ्या लॉटला, म्हणजे लिलावातल्या नोंदीला, लावलेला फोटो तर भलत्याच, खऱ्या नाण्याचा निघाला. तो एका नामांकित लिलावसंस्थेच्या जुन्या कॅटलॉगमधून उचललेला होता. पण काही लॉटना त्यानं विकायच्या नाण्याचेच फोटो लावले होते, आणि तिथे तो ओरखडा सापडला. वेगळ्या नावाच्या खात्यावरही सापडला.

अशा दोन लॉटचे खरेदीदार ओळखीतून मिळाले. एक गृहस्थ रविवारी जुन्या बाजारात येतात. ते नाणं घेऊन आले. टपरीच्या बाकावर दोन्ही रुपये शेजारी ठेवले आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. निवृत्तीच्या पैशातून घेतलेलं नाणं होतं ते. परतीची मुदत केव्हाच उलटून गेली होती. दुसऱ्या खरेदीदारानं टपालानं फोटो आणि वजनाचा तक्ता पाठवला. मग एकच कागद तयार केला: तिन्ही नाण्यांचा ओरखडा एकाच मापात मोठा करून एकाखाली एक, बाजूला लॉट क्रमांक आणि तारखा, खाली वजन, आकारमान आणि टंच. मागे लांबलचक पत्र जोडलं नाही.

चोरलेल्या फोटोचा उपयोग अनपेक्षित झाला. ज्या लिलावसंस्थेचा तो फोटो होता त्यांना कळवल्यावर त्यांनी स्वतःहून ॲपकडे हरकत नोंदवली, आणि नाण्याच्या खरेखोटेपणावर न हलणारी यंत्रणा फोटोच्या हक्कावर झटक्यात हलली. तो लॉट त्याच संध्याकाळी उतरला. फसवणुकीचा हेतू दाखवायलाही हाच मुद्दा पोलिसांपुढे सर्वांत भक्कम ठरतो. जवळच्या चौकीत आधी ‘पैसे मिळतायत ना, मग तक्रार कसली?’ असं ऐकावं लागलं. 1930 या सायबर हेल्पलाइनवर आणि सायबर तक्रारीच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंद केल्यावर, तो तक्रार क्रमांक घेऊन गेल्यावर मात्र भारतीय न्याय संहितेच्या 318 कलमाखालचा अर्ज घेतला गेला. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार टाकली. माझ्या अंदाजानं ॲपवर खरा दाब आला तो या दोन तक्रारींच्या क्रमांकांसह तो एकपानी कागद पुन्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे गेल्यावर. पैसे जमा झाले, नाणं परत मागितलं नाही, दोन्ही खाती बंद झाली.

इथे एक खंत आहे. अमेरिकेत 1973 पासून नाण्यांच्या नकलेवर ‘कॉपी’ असं ठसठशीत छापणं बंधनकारक आहे, 2014 मध्ये तो कायदा विकणाऱ्यांपर्यंतही नेला. ईबेनं 2012 मध्ये नकला विकायलाच बंदी घातली. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही. रायगडावर आणि शिवजयंतीच्या जत्रेत होनाच्या आणि शिवराईच्या प्रतिकृती विकल्या जातात. विकणारा प्रतिकृती म्हणूनच विकतो, मुलं कौतुकानं घेतात, त्यात काही वावगं नाही. पण त्यावर तसा शिक्का नसतो. दोन वर्षं मातीत पुरून हिरवट चढवलेली तीच शिवराई ‘आजोबांच्या पेटीतली’ म्हणून लिलावात येते. राम-सीता आणि हनुमानाचे, 1818 सालचे म्हणून विकले जाणारे ईस्ट इंडिया कंपनीचे ‘आणे’ तर कंपनीनं कधी पाडलेच नाहीत, तरी रोज विकले जातात. महाराजांच्या नावाचं नाणं खोटं करून विकणाऱ्याबद्दल मला जो संताप येतो तो लपवायचं कारण दिसत नाही.

प्रमाणित डबीत बंद केलेलं नाणं घेतलं की धोका टळतो, असंही समजू नये. डब्याही बनावट येतात. डबीवरचा क्रमांक प्रमाणित करणाऱ्या संस्थेच्या साइटवर टाकून तिथला फोटो हातातल्या नाण्याशी जुळवायचा, ओरखड्यासकट.

जुन्या बाजारातल्या त्या गृहस्थांचं प्रकरण अजून चालू आहे. ॲपनं मुदत उलटल्याचं कारण दिलं, म्हणून आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात जात आहोत. 2019 च्या कायद्यानं ग्राहकाला स्वतःच्या राहत्या ठिकाणी दावा लावता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. अर्ज ऑनलाइन भरता येतो. तोच एकपानी कागद जोडला आहे. माझं सीलबंद नाणं त्यात पुरावा म्हणून लागणार आहे.