उजव्या चाकाचे तेल

ऑइल सील, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती बसून तेल अडवणारी रबरी कडी, हा जीपमधल्या सर्वांत स्वस्त सुट्या भागांपैकी एक आहे, आणि कदाचित म्हणूनच तेल गळू लागले की पहिला आळ त्याच्यावर येतो. बेळगावजवळच्या खानापूरकडच्या एका निवृत्त गुरुजींची महिंद्रा सीजे-थ्रीबी माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या मागच्या उजव्या चाकाचे सील वरचेवर बदलून झालेले होते आणि प्रत्येक वेळी ‘माल डुप्लिकेट निघाला’ असे सांगून गुरुजींची बोळवण झालेली होती. विलिज कंपनीने अमेरिकेत १९५३ ते १९६८ या काळात काढलेले हे उंच बॉनेटचे मॉडेल आपल्याकडे महिंद्राने पुढेही बरीच वर्षे बनवले, त्यामुळे आमच्या भागात अशा जीपा अजून दिसतात. गुरुजींनी आपल्या जीपचे दोन वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने नूतनीकरण करून घेतले होते. बोल्टच्या डोक्यांनासुद्धा रंग चढवलेला होता, आणि जिथे बोल्टला रंग लावतात तिथे आतले काम कसे झाले असेल याची मला आधीपासून धास्ती वाटते.

तक्रार चमत्कारिक होती. गाडी आठवडाभर अंगणात उभी राहिली तर थेंब पडत नसे; जांबोटीवरून चोर्ला घाट उतरून गोव्याला जाऊन आली की ब्रेकचा उजवा ड्रम आतून न्हालेला आणि ब्रेकचे लायनर वाया गेलेले असत. ड्रममधला ओलावा ब्रेक ऑइलचा नव्हता, हे वासानेच कळले. डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीच्या, नव्वद नंबर तेलाला गंधकासारखा उग्र दर्प असतो आणि तो हाताला दिवसभर चिकटून राहतो. त्या पेटीचा ब्रीदर, म्हणजे हवा बाहेर सोडणारी नळी, तुंबला तर तापलेली हवा तेलाला सीलमधून बाहेर ढकलते, म्हणून तो काढून फुंकून पाहिला. तो मोकळा होता. तेलाची पातळी फिलर प्लगच्या तोंडाशी, म्हणजे हवी तेवढीच होती. बेअरिंगमध्येही खेळ नव्हता.

या एक्सलवर हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, निमुळत्या शाफ्टवर चावीने (खाचेत बसणाऱ्या लोखंडी पट्टीने) बसवलेला असतो आणि वर्षानुवर्षे आवळला गेल्याने तो तिथेच रुतून बसतो. पुलर, म्हणजे हब ओढून काढायचे साधन, लावून ताण द्यायचा, मग पुलरच्या स्क्रूच्या डोक्यावर एकच सणसणीत घाव घालायचा. मात्र शाफ्टवरचा नट पुरता काढायचा नाही, चार आट्यांवर ठेवायचा. हब सुटतो तो बंदुकीच्या आवाजासारखा, आणि नट नसेल तर समोरच्याच्या छातीवर येतो. नवी पोरे हे ऐकत नाहीत.

शाफ्ट बाहेर आला. सीलचा ओठ जिथे टेकतो ती जागा आरशासारखी चमकत होती, आणि त्या चमकेनेच आधीच्या सगळ्यांना फसवले असणार. जुना शाफ्ट तिथे खाल्ला जातो, बारीक खोबण पडते. ती काढण्यासाठी नूतनीकरणाच्या वेळी लेथवर हलका कट मारून पॉलिश पेपर फिरवला होता. गुरुजींच्या जुन्या बिलात ‘दोन्ही एक्सल पॉलिश’ अशी ओळ होती. भिंगातून पाहिले तेव्हा त्या चमकेखाली लेथच्या टूलची बारीक फिरती रेघ दिसली.

बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वस्तीतल्या ओळखीच्या टर्नर अण्णांकडे शाफ्ट नेला. लेथवर दोन सेंटरांत धरून त्या जागेला पातळ तेलाचा हात दिला, शिवणाचा दोरा टाकून त्याला खाली छोटे वजन बांधले आणि शाफ्ट संथ गतीने फिरवला. दोरा जागचा हलायला नको होता. तो गोगलगायीसारखा एका बाजूला सरकू लागला. उलट फिरवल्यावर तो उलट आला. अण्णा कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटले आणि मग मराठीत म्हणाले, “मिस्त्री, हा शाफ्ट नाही, पंप आहे.”

लेथवर नेहमीच्या पद्धतीने कट मारला की उजव्या आट्यांची, डोळ्यांना न दिसणारी चूड, म्हणजे स्क्रूसारखी पुढे सरकत जाणारी बारीक रेघ, उमटते. गाडी पुढे जाताना ती चूड तेलाला उजवीकडे रेटते. उजव्या चाकापाशी उजवीकडे म्हणजे सीलच्या बाहेर, ड्रममध्ये. गाडी उभी असताना शाफ्ट फिरत नाही, म्हणून अंगण कोरडे.

उपाय सोपा होता. तो करून घेणे सोपे नव्हते. ग्राइंडिंगचे चाक शाफ्टवर आडवे न सरकवता सरळ आत घालायचे आणि ठिणग्या थांबेपर्यंत तसेच ठेवायचे, म्हणजे चूड उरत नाही. हायड्रॉलिकचे दांडे मायक्रॉनमध्ये घासणाऱ्या उद्यमबागेत एका जीपच्या एका शाफ्टसाठी मशिन लावायला दिवसपाळीला कोणी तयार होईना. शेवटी रात्रपाळीच्या एका ऑपरेटरने पाच शतांश मिलिमीटर घासून दिले. दोरा पुन्हा टाकला, तो जागेवर राहिला. बसवताना शाफ्टच्या दातांवर प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळली, कारण ते दात सीलमधून जाताना नवा ओठ चिरतात. शिम, म्हणजे पातळ चकत्या, होत्या तशाच घालून एंड प्ले, म्हणजे शाफ्टची आत-बाहेर हालचाल, डायलने मोजला. तो एक ते सहा थाऊच्या (इंचाच्या हजाराव्या भागांच्या) आत भरला. हबचा नट दीडशे फूट-पौंडांच्या खाली सोडला नाही. गुरुजी दोनदा गोव्याला जाऊन आले. उजवा ड्रम कोरडा आहे.

पण त्याच बिलातला डावा शाफ्ट मी अजून पाहिलेला नाही. तोही त्याच लेथवर गेला असेल, तर त्याची चूडही तेलाला उजवीकडेच, म्हणजे तिथे आत डिफरन्शियलकडे ओढत असणार. तेल बाहेर येत नाही, म्हणून ती बाजू निरोगी ठरते. परंतु ओठापर्यंत तेलच पोचले नाही तर तो कोरडा घासून करपतो. मी ते काढून बघू म्हटले, तर गुरुजी म्हणाले, “जे गळत नाही त्याला कशाला हात लावता?” मी मुकाट्याने बिल केले. दिवाळीनंतर तेल बदलायला गाडी येईल, तेव्हा डावा ड्रम उघडण्याची परवानगी मात्र मी घेऊन ठेवली आहे.