तीन राजचिन्हं

"हे माझ्या वडिलांनी युद्धात घातलेलं जाकीट. पाणबुडीवर होते ते." पंचाहत्तरीच्या बाईंनी पिशवीतून बार्बर कंपनीचं जुनं हिरवं मेणकापडी जाकीट काढून माझ्या टेबलावर ठेवलं. "नातवाला द्यायचंय. मेण तेवढं भरून द्या."

इंग्लंडात मेणकापडाची जाकिटं दुरुस्त करत मला नऊ वर्षं झाली. आमचं दुकान छोटं, कंपनीशी संबंध नाही. सवयीनं मी आधी आतलं लेबल पाहिलं. त्यावर तीन राजचिन्हं!

राजघराण्याला माल पुरवणाऱ्या कंपनीला मिळणारी ही चिन्हं म्हणजे आमच्यासाठी जाकिटाची जन्मपत्रिकाच. पहिलं १९७४ मध्ये प्रिन्स फिलिप यांच्याकडून मिळालं, दुसरं १९८२ मध्ये राणीकडून, तिसरं १९८७ मध्ये प्रिन्स चार्ल्स यांच्याकडून. त्यात पाठीला शिकार ठेवायचा खिसा, म्हणजे हे बार्बरचं 'ब्यूफोर्ट' मॉडेल. ते मॉडेलच मुळात १९८३ सालचं. युद्ध १९४५ लाच संपलेलं.

सांगावं की गप्प बसावं? मी कामाला लागले. थंड पाण्याच्या स्पंजनं माती पुसली. कोणीतरी ते कधीकाळी मशीनमध्ये धुतलं असणार, कोपरं पार पांढरट पडली होती. (मेणकापडाला साबण नि गरम पाणी लावणाऱ्यांवर माझा राग आहे.) मेणाचा डबा गरम पाण्यात ठेवला, पातळ झालेलं मेण फडक्यानं चोळत शिवणींत जिरवलं आणि वरून हेअर ड्रायरची ऊब दिली. कापड हळूहळू काळपट, जिवंत दिसायला लागलं.

बाई स्टुलावर बसून बोलत होत्या. "वडील सांगायचे, वर जाकीट, खाली तसलीच पँट, असा जोड होता. पँट कुठे गेली कोण जाणे."

माझा हात थांबला. जोड?

मग मला बोलावंच लागलं. जॉन बार्बर यांनी १८९४ मध्ये साउथ शील्ड्सला दुकान काढलं ते खलाशी नि गोदी कामगारांना तेलकापड विकायला. त्यांचा नातू डंकन मोटरसायकलवेडा, त्यानं चालकांसाठी अखंड सूट आणला. युद्धात 'अर्सुला' पाणबुडीचे कप्तान जॉर्ज फिलिप्स यांनी तसल्याच सुटाचे दोन भाग करून घेतले, जाकीट वेगळं, पँट वेगळी. 'अर्सुला सूट' पाणबुडीवाल्यांत रूढ झाला तो असा.

"म्हणजे वडिलांचं बरोबर आहे," मी म्हटलं, "पण ते जाकीट हे नव्हे." आणि लेबल दाखवलं.

बाई बराच वेळ त्या चिन्हांवरून बोट फिरवत राहिल्या. "मग हे आईनं घेतलं असणार. ते जुनं फाटल्यावर वडील कुरकुरत असत."

मी ब्यूफोर्टची हकीकत सांगितली. डंकनचा मुलगा १९६८ मध्ये ऐन तारुण्यात अचानक गेला. बायको मार्गारेट कलाशिक्षिका, पदरी लहान मुलगी. तिनं धंदा हाती घेतला, आणि हे जाकीट तिचंच डिझाइन.

"बाईनं केलेलं होय!" त्या पहिल्यांदाच हसल्या.

निघताना त्यांनी पिशवीला बांधलेली चिठ्ठी सोडवली. 'पणजोबांचं युद्धातलं जाकीट' असं त्यावर लिहिलं होतं. त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं, 'युद्धातलं' खोडलं, आणि वर लहान अक्षरांत लिहिलं, 'पणजीनं घेऊन दिलेलं'.