पहाटे सहाला कसलं आलंय ऊन?

पोलीस आणि लष्कर भरतीच्या मुलांकडून मी कळव्यात ग्राउंड मारून घेतो. मे महिन्यात एखाद्या दिवशी फळ्यावर 'आज फक्त स्ट्रेचिंग' लिहिलं की पालकांचा फोन ठरलेला. "सर, पहाटे सहाला कसलं आलंय ऊन? मोबाईल तर २९ दाखवतोय. नागपूरची पोरं ४४मध्ये पळतात!"

विचारलंत म्हणून सांगतो. मोबाईल खोटं बोलत नाही, निम्मंच सांगतो. घाम वाळला तरच अंग निवतं. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत तो नुसता गळतो. बनियन पिळून निघतं, अंग तापलेलंच.

याचं गणित १९५०च्या दशकात अमेरिकी मरीन दलाच्या पॅरिस आयलंड तळावर बसवलं गेलं (फ्रान्सचं पॅरिस नव्हे, हे दक्षिण कॅरोलायनात). तिथले रंगरूट उन्हाने कोसळत होते. ओलं फडकं गुंडाळलेल्या तापमापीला (घाम किती वाळेल ते हीच सांगते) ७० टक्के वजन, उन्हात टांगलेल्या काळ्या गोळ्यातल्या तापमापीला २० आणि आपण ज्याला तापमान म्हणतो त्याला फक्त १०. ठाण्यात हवा ३४, ओली तापमापी २८, गोळा ४८ धरा, उत्तर ३२.६. नागपुरात ४४, २४ आणि ५५ धरलं तर ३२.२. त्या मरीन तळावर ३२.२ला काळा झेंडा चढतो, कवायत बंद.

पहाटेचं म्हणाल, तर त्याच तळावरच्या पुढच्या नोंदींत सकाळी सात ते नऊमध्येच जास्त मुलं पडलेली दिसली. आदल्या दिवशीची उष्णता अंगात उरलेली असते. म्हणून मी आजच्या आधी कालच्या दुपारचा आकडा बघतो. नवीन मुलांना पहिले दोन आठवडे पूर्ण १६०० मीटर देतच नाही. आणि पळायलाच लागतं असंही नाही: १६ एप्रिल २०२३ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात माणसं बसलेलीच होती, तरी उष्माघाताने १४ जण गेले.

हे शहाणपण मला उशिरा आलं. एक मुलगा शेवटच्या फेरीत झोकांड्या खात असंबद्ध बोलायला लागला. मला वाटलं, नाटक करतोय. मग घाबरून त्याला तसाच रिक्षात घातला. आधी पाणी ओतून थंड करायला हवं होतं. वाचला तो, माझ्यामुळे नव्हे.

तेव्हापासून मैदानाच्या कडेला बर्फाच्या पाण्याचं पिंप असतं. मुलं त्यात कलिंगडं टाकून ठेवतात. मी काही बोलत नाही.