ठेवून गेली

२ ऑगस्ट, रात्र

काकूने आज सकाळी माझ्या टिपणातले एक क्रियापद बदलायला सांगितले आणि तेव्हापासून दिवसभर माझे चित्त कशातच लागलेले नाही.

रविवारच्या अभ्यासवर्गात झाओ यीमानवर, जपान्यांविरुद्ध लढलेल्या त्या चिनी कम्युनिस्ट बाईवर, बोलायचे मी कबूल केले आहे. टिपण तयार होते. वाचायला किती वेळ लागतो ते पाहावे म्हणून मी स्वयंपाकघरात बसून ते मोठ्याने वाचत होते आणि काकू मेथी निवडत होती. ती ऐकते आहे असे मला वाटलेही नव्हते. "१९३० साली तिने आपल्या सव्वा वर्षाच्या मुलाला वुहानमध्ये, नवऱ्याच्या भावकीतल्या एका घरी सोडले आणि ती पक्षाच्या कामाला परत गेली," हे वाक्य झाले, तेव्हा हातातली जुडी खाली ठेवून काकू म्हणाली, "सोडलं काय म्हणतेस गं? घरात माणसं होती ना? मग ठेवलं म्हण." एवढे बोलून ती पुन्हा पाने खुडू लागली.

मी मान डोलावली आणि पुढे वाचत राहिले, पण शेवटपर्यंत माझा आवाज काही नीट लागला नाही. काकूने ते वाक्य झाओ यीमानसाठी दुरुस्त केले की आणखी कोणासाठी, हे मी तिला विचारले नाही. या घरात मी सहाव्या वर्षी आले. त्याबद्दल आम्ही दोघी कधी बोललेलो नाही, आणि आता बोलायचे तर आईही राहिलेली नाही.

ते वाक्य लिहिताना माझ्या मनात कसलाही आरोप नव्हता, असे मी दुपारपर्यंत स्वतःला बजावत होते. ते खरे नाही. आरोप होता, आणि तो मी इतकी वर्षे त्या बाईच्या चरित्राआड जपून ठेवला होता. तिचे बाकीचे सगळे आयुष्य मला पाठ आहे आणि त्यातल्या प्रत्येक पावलाचे मला कौतुक आहे. १९०५ साली सिचुआन प्रांतातल्या यिबिनजवळच्या एका जमीनदाराच्या घरात ती जन्मली. ली कुनताई हे तिचे जन्माचे नाव. मुलींची पावले बांधण्याच्या चालीला तिने लहानपणीच विरोध केला. वडील गेल्यावर थोरला भाऊ घरचा कारभारी झाला आणि त्याने तिचे शिक्षण अडवले. तेव्हा टपालाने तिला नवी पुस्तके आणि नियतकालिके पाठवणारा माणूस होता तिच्या बहिणीचा नवरा. १९२४ साली तिने आपल्या घरात आपल्यावर काय अन्याय चालला आहे ते लिहून शांघायच्या एका स्त्रियांच्या साप्ताहिकाकडे पाठवले, आणि ते छापूनही आले. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीने आपल्या घराची तक्रार साऱ्या देशापुढे मांडावी, याची मला अजूनही असूया वाटते. मला माझी तक्रार एका काकूपुढेही मांडता आलेली नाही.

पुढे ती घराबाहेर पडली, १९२६ साली कम्युनिस्ट पक्षात आली, वुहानच्या लष्करी शाळेत मुलींची तुकडी निघाली तिच्यात दाखल झाली. १९२७ साली च्यांग कै-शेकने कम्युनिस्टांचे शिरकाण सुरू केल्यावर पक्षाने तिला मॉस्कोला शिकायला पाठवले. तिथे लग्न झाले, दिवस गेले, क्षयाने गाठले, आणि १९२८ च्या हिवाळ्यात नवऱ्याला तिथेच ठेवून ती एकटी परतली. यांगत्सेच्या काठी यिचांगला मूल झाले. त्याला ती निंग म्हणे. निंग म्हणजे शांत, स्वस्थ. गुप्त कामातल्या बाईने पोराला असे नाव द्यावे, यात तिची सगळी इच्छा आली.

माझे कौतुक इथवर बिनतक्रार चालत येते आणि १९३० च्या त्या फोटोपाशी अडते. मूल दुसऱ्याच्या हाती देण्याच्या सुमारास तिने तो काढून घेतला होता. वेताच्या खुर्चीत आखूड केसांची आई बसली आहे आणि तिच्या मांडीवर निंग आहे. परत येणारच असलेल्या माणसाला फोटो काढून घ्यावासा वाटत नाही, असे मला हा फोटो प्रथम पाहिला तेव्हा वाटले होते. म्हणजे तिला ठाऊक होते. म्हणजे सोडलेच, असा माझा न्याय होता.

आज मात्र मी 'ठेवणे' या शब्दाशी झगडत बसले. आपण ठेव ठेवतो ती परत घेण्यासाठी. ज्याच्याकडे ठेवतो त्याच्यावर विश्वास असतो आणि वस्तू आपलीच राहते. टाकली, सोडली, देऊन टाकली, या सगळ्यांहून ते वेगळे आहे, कारण त्यात परत येण्याचे वचन आहे. मग परत न आलेल्या माणसाने ठेवले असे म्हणावे का? त्या चळवळीतल्या किती बायकांना हा प्रश्न विचारावा लागेल! १९३४ च्या ऑक्टोबरात कम्युनिस्ट सैन्य लाँग मार्चच्या लांबच्या वाटचालीला निघाले तेव्हा लहान मुले बरोबर घेण्याची मुभा नव्हती. माओची तेव्हाची पत्नी हे झिझेन, तिने आपला दोन वर्षांचा मुलगा बहिणीच्या हवाली केला, आणि पुढे पुष्कळ शोध करूनही तो पुन्हा सापडला नाही. वाटेत झालेली मुलगीही तिला मागे ठेवावी लागली. त्या क्षणी त्या बाईच्या मनात 'ठेवते' हेच असणार. 'सोडले' हा शब्द नंतरच्या माणसांनी, निकाल कळल्यावर, वापरायचा.

आणि मी हा शब्द पुरुषांसाठी कधीच वापरलेला नाही, हेही आज लक्षात आले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, वडील गेल्याची बातमी तिकडे कळली तरी परतले नाहीत, आणि १९४२ च्या डिसेंबरात वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले तेव्हा त्यांचा मुलगा काही महिन्यांचा होता. शाळेपासून मी त्यांच्याबद्दल वाचते आहे, बोलते आहे. त्यांनी कोणाला सोडले असे माझ्या जिभेवर कधी आले नाही. ते गेले, एवढेच मी म्हणत आले.

सप्टेंबर १९३१ मध्ये जपानने चीनच्या ईशान्येकडच्या मांचुरियावर हल्ला केला आणि निंगची आई त्या बाजूला गेली. झाओ यीमान हे नाव तिने तिकडे घेतले. १९३३ मध्ये हार्बिनच्या ट्राम कामगारांचा संप झाला त्यात ती होती. १९३४ मध्ये तिला झूहे तालुक्यात गनिमी दलांच्या मुलखात पाठवले. तिथले शेतकरी तिला ली ताई म्हणत. जपान्यांविरुद्ध लढणाऱ्या तिसऱ्या सेनेच्या एका पलटणीची ती राजकीय कमिसार, म्हणजे पक्षाने नेमलेली राजकीय अधिकारी, झाली, आणि नोव्हेंबर १९३५ मध्ये जखमी होऊन पकडली गेली. मांडीच्या हाडाचे चोवीस तुकडे झाले होते. छळाबद्दल मी टिपणात एकच वाक्य ठेवले आहे. ते वाचताना ऐकणाऱ्याला अंगावर काटा आणण्याचे समाधान मला नको आहे. चौकशीत मरून जाऊ नये म्हणून तिला हार्बिनच्या दवाखान्यात ठेवले, आणि तिथे पहाऱ्यावरचा एक पोलीस आणि एक कोवळी परिचारिका, दोघेही तिचे झाले. २८ जून १९३६ च्या रात्री त्यांनी तिला बाहेर काढले. मोटार, मग डोली, मग गाडी असे करत ती गनिमांच्या मुलखाच्या अगदी जवळ पोचली होती. ३० जूनला पाठलाग करणाऱ्यांनी गाठले. तो पोलीस पुढे कोठडीतच मेला.

आणि मग आजची तारीख. २ ऑगस्ट १९३६ ला तिला आगगाडीने हार्बिनहून झूहेला गोळी घालण्यासाठी नेले, आणि त्या प्रवासात तिने कागद मागून घेऊन मुलाला लिहिले. तुला शिकवण्याची जबाबदारी आईला पार पाडता आली नाही याची खंत वाटते, असे ती सुरुवातीलाच म्हणते. लवकर मोठा हो, म्हणते. आई तुला हजार शब्दांनी शिकवत नाही, प्रत्यक्ष कृतीने शिकवते आहे, असे म्हणते. हे वाक्य मी आजवर अनेकांना वाचून दाखवले आहे आणि दर वेळी माझा गळा भरून आला आहे. आज दुपारी प्रथमच मी ते सात वर्षांच्या मुलाच्या बाजूने वाचले आणि मला त्याचा राग आला. सात वर्षांच्या मुलाला कृती दिसत नाही. त्याला दारात कोणी आले नाही एवढेच दिसते. मला मनीऑर्डरीच्या कुपनावरच्या दोन ओळी दिसत: अभ्यास कर, काकूला त्रास देऊ नकोस. ती कुपने मी वहीत चिकटवून ठेवली होती आणि एके दिवशी सगळी फाडून टाकली. का, ते आता राहू दे.

निंगला तर तेही मिळाले नाही. ते पत्र पोलिसांच्या दप्तरात गेले. १९५० साली झाओ यीमानवर चित्रपट निघाला, देशभर तिचे नाव झाले, आणि वुहानच्या त्या घरात वाढलेल्या, आता तरुण झालेल्या मुलाला ही आपली आई हे माहीत नव्हते, कारण त्याची आई ली होती आणि ही झाओ. सिचुआनमध्ये तिची बहीण वर्षानुवर्षे तिचा शोध घेत होती. वेताच्या खुर्चीतला तो फोटो ओळख पटवायला उपयोगी पडला आणि त्या दशकाच्या मध्यात त्याला सत्य कळले. तो हार्बिनला गेला, संग्रहालयातले पत्र त्याने स्वतःच्या हाताने उतरवून घेतले, आणि हातावर 'झाओ यीमान' अशी अक्षरे गोंदवून घेतली. हुतात्म्याच्या मुलाला मिळणारे पैसे मात्र त्याने घेतले नाहीत. त्याचे पुढचे आयुष्य सुखाचे झाले नाही.

त्या गोंदणाशी मी आज फार वेळ थांबले. ज्या बाईच्या मांडीवर तो बसला होता तिचे ते नावच नव्हते. त्याला ठेवून गेल्यानंतर, त्याच्याविना जगण्यासाठी तिने जे नाव घेतले, ते त्याने अंगावर घेतले. तो ते पुसूही शकला नसता. मी कुपने फाडू शकले, कारण मला माझ्या आईचे नाव माहीत होते, तिचा आवाज माहीत होता, उन्हाळ्याच्या सुटीत ती येणार हे माहीत होते. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे. गेली कित्येक वर्षे मी हार्बिनच्या त्या कोठडीतल्या बाईशी भांडते आहे, आणि माझे भांडण तिच्याशी नाहीच. तिने माझे काही वाईट केलेले नाही.

तिने त्या दिवशी मुलासाठी आणखी एक पत्र लिहिले होते. त्यात ती म्हणते की तुझा बाप ईशान्येकडे आला आणि तिथेच मेला, आणि मीही त्याच्याच मागून चालले. बाप जिवंत होता. पोलीस आपला शब्दन् शब्द वाचणार हे ठाऊक असल्याने शेवटच्या घटकेलाही तिने नवरा, सासर, ते वुहानचे घर, काहीच उघड केले नाही. खरे लिहिले असते तर ज्या घरात मूल होते त्या घरापर्यंत पोलीस पोचले असते. हे मला माहीत होते, टिपणातही होते, पण एक चातुर्याची गोष्ट म्हणून होते. आज काकूच्या शब्दासह वाचले तेव्हा दिसले की तिने जे ठेवले होते ते ती अखेरपर्यंत राखत होती. मुलगा चांगला शिकावा एवढीच आपली आशा उरली आहे, असे ती त्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी म्हणते. अभ्यास कर. म्हणजे तीही तेच लिहीत होती. दोन ओळींच्या जागेत आयांना दुसरे काय लिहिता येते?

रात्री जेवताना काकूने आपणहून विषय काढला. "त्या घरातल्या बाईला तो पोरगा काय म्हणायचा गं?" मी गप्प राहिले. माझ्या टिपणात सहा पाने झाओ यीमान आहे, मॉस्को आहे, मांचुरिया आहे, चोवीस तुकडे आहेत; आणि ज्या बाईने त्या सव्वा वर्षाच्या पोराला पहिल्या रात्री निजवले असेल, आईच्या नावाने रडताना कडेवर घेऊन फिरवले असेल, तिच्यासाठी एक ओळ नाही. काकू उत्तराची वाट पाहत होती असेही नाही. तिने माझ्या ताटात भाकरीचा चतकोर वाढला आणि म्हणाली, "पहिले आठ दिवस फार जड जातात. मग खायला लागतं पोर." कोणते पोर, ते ती बोलली नाही.

मी किती दिवस जेवले नव्हते, हे मला आज प्रथम कळले.

आता अकरा वाजून गेले आहेत. टिपणातले वाक्य मी खोडून पुन्हा लिहिले आहे: १९३० साली तिने आपल्या सव्वा वर्षाच्या मुलाला वुहानमध्ये, नवऱ्याच्या भावकीतल्या एका घरी ठेवले, त्या घराने त्याला वाढवले. दुसरा भाग नवा आहे. सकाळी काकूला वाचून दाखवीन.