डब्लिनला येताय? मग जॉइस नंतर

"डब्लिनला बदली झालीय, येण्याआधी काय वाचू?" असा मेसेज अधूनमधून येतोच. विचारणाऱ्याच्या मनात जेम्स जॉइसची 'युलिसिस' ही डब्लिनवरची कादंबरी आधीच पक्की असते. मीही तिच्यापासूनच सुरुवात केली होती. तिसरं प्रकरण सँडीमाउंटच्या समुद्रकिनाऱ्यावर घडतं. तिथल्या वाळूत जी रुतले, ती वर्षभर बाहेर आले नाही.

तुम्ही रॉडी डॉयल या कादंबरीकारापासून सुरुवात करा. 'द कमिटमेंट्स' (१९८७), 'द स्नॅपर' (१९९०) आणि 'द व्हॅन' (१९९१). तिन्ही छोट्या, बऱ्याचशा संवादांतूनच पुढे सरकणाऱ्या. त्यांतलं बॅरीटाउन नकाशावर सापडणार नाही. ते किलबॅरॅकवर बेतलंय, लिफी नदीच्या उत्तरेकडची कामगारवस्ती. माझी लाडकी 'द व्हॅन'. काम सुटलेले दोघे मित्र एक कळकट गाडी घेतात आणि मासे-चिप्स विकायला लागतात. १९९०चा फुटबॉल विश्वचषक सुरू असतो, आयर्लंड खेळत असतं, गल्ला भरत असतो, आणि तिकडे मैत्रीला हळूहळू तडा जात असतो. हसता हसता कधी गळा दाटून येतो कळत नाही.

शिवाय भाषेची सोय होते. ऑफिसात कुणी 'युअर मॅन' म्हणालं की मला वाटायचं, माझ्या नवऱ्याची चौकशी चाललीय. मी बापडी "बरा आहे तो" म्हणून मोकळी! 'युअर मॅन' म्हणजे नुसतं 'तो माणूस', हे मला डॉयलच्या पात्रांनी शिकवलं.

त्याच बॅरीटाउनमधली 'पॅडी क्लार्क हा हा हा' दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून येते. आईबाबांची भांडणं तो रात्री जागून ऐकतो. १९९३चं बुकर तिला मिळालं, आणि हक्काने मिळालं.

पॉल लिंचची 'प्रॉफेट साँग' (२०२३चं बुकर) मात्र जपून. देश हुकूमशाहीत घसरतोय, नवऱ्याला उचलून नेलंय, चार मुलांची आई घर धरून बसलीय. परिच्छेद पाडलेलेच नाहीत, त्यामुळे श्वास घ्यायला जागा नाही. नवीन आलेल्याने नोव्हेंबरातल्या अंधाऱ्या संध्याकाळी, एकट्या खोलीत ती अजिबात वाचू नये. मी वाचली होती.

एवढं झालं की मग 'युलिसिस'. सलग नाही, चालत चालत. सगळी गोष्ट १६ जून १९०४ या एका दिवसाची, त्यामुळे दर १६ जूनला इथे लोक जुन्या काळच्या गवती टोप्या घालून रस्त्यावर उतरतात. लिंकन प्लेसवर स्वेनीज नावाचं जुनं औषधांचं दुकान आहे. कादंबरीतला ब्लूम तिथून लिंबाच्या वासाचा साबण घेतो आणि दिवसभर या खिशातून त्या खिशात हलवत राहतो. औषधं आता मिळत नाहीत. स्वयंसेवक तिथे जॉइसचं मोठ्याने वाचन करतात आणि तो साबण विकतात.

मी एक वडी आईसाठी नेली होती. तिने वास घेतला, "छान आहे गं" म्हणाली आणि कपाटात साड्यांच्या घडीत ठेवून दिली. अजून तिथेच आहे.