आधी गेट, मग स्क्रीन: दुसऱ्यांच्या ग्रंथालयाचा डॅशबोर्ड बघायला गेलो त्याची गोष्ट

स्क्रीन बघायला गेलो होतो आणि पहिला अर्धा दिवस दारातच गेला.

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात डॅशबोर्ड, म्हणजे वापराचे आकडे आलेखांत दाखवणारी स्क्रीन, करायचं घाटतंय. म्हणून ज्यांच्याकडे तो काही वर्षं चालू आहे, अशा एका विद्यापीठात दोन दिवस जाऊन आलो. मी देवघेव विभागातला, सोबत आमची सिस्टिम सांभाळणारा सहकारी. त्याला पोचल्या पोचल्या सर्व्हर बघायचा होता. तिथल्या ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, "बघा की, पण आधी अर्धा तास गेटपाशी उभे राहा आणि हाताने माणसं मोजा."

मोजली. एक मुलगा आत आला, फोन वाजला म्हणून बाहेर गेला, परत आत आला. माणूस एक, गेटवरच्या सेन्सरचा किरण तीनदा तुटला. त्यांचा सेन्सर येणारा-जाणारा ओळखत नाही, म्हणून ते एकूण आकड्याला दोनाने भागतात. दोघी मैत्रिणी खांद्याला खांदा लावून आल्या, त्या एकच धरल्या गेल्या. पुस्तकांची ट्रॉली बाहेर ढकलली, तीही वाचक झाली. आमची मोजणी आणि यंत्राची मोजणी जुळली नाही, आणि ती जुळत नाही हेच मॅडमना दाखवायचं होतं. दर सत्रात एक आठवडा ते हाताने मोजतात, फरकाचं प्रमाण काढतात आणि ते आलेखाखाली लिहून ठेवतात.

सकाळी ग्रंथालय तासभर लवकर उघडावं का, हा त्यांच्याकडचा जुना वाद. कुणीतरी गेटचे आकडे काढून 'त्या वेळेला कोणीच येत नाही' असं सांगितलं होतं म्हणे. दार बंद असताना सेन्सर शून्याखेरीज काय दाखवणार! शेवटी रखवालदाराला वही दिली आणि उघडायच्या आधी बाहेर किती जण थांबलेत ते लिहायला सांगितलं. त्या वहीवरून वेळ बदलली.

तुम्ही जाणार असाल तर ऐन परीक्षेत जाऊ नका, यजमानांना मान वर करायला वेळ नसतो. सुट्टीतही नको, कारण मग बघायला काहीच नसतं. सत्राच्या मधले दिवस चांगले. जाताना आपला एकच प्रश्न कागदावर लिहून न्या. आम्ही अकरा नेले होते, त्यातल्या दोनांची उत्तरं मिळाली.

दुपारी वाचनकक्षात ट्रॉलीवरच्या काकांबरोबर फिरलो. माझ्या मते सगळ्या दौऱ्यात हेच सर्वांत मोलाचं. टेबलांवर पाट्या आहेत, 'वाचून झालेलं पुस्तक इथेच ठेवा'. काका ती पुस्तकं गोळा करतात आणि कपाटात लावण्याआधी प्रत्येकाचा बारकोड स्कॅन करतात. एका जाड संदर्भकोशाचं लेबल सोलून निघालं होतं, तर त्यांनी चष्मा कपाळावर चढवून आकडा हाताने टाइप केला. हे पुस्तक घरी देत नाहीत. म्हणजे देवघेवीच्या नोंदीत ते वर्षानुवर्षं शून्य, आणि टेबलावर रोज. नुसती देवघेव बघून पुस्तकं बाद करणारा माणूस सगळ्यात आधी यालाच हात लावेल. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाचा १९७९ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. १९६९ मध्ये घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुस्तकं पहिल्या सहा वर्षांत एकदाही घरी नेली गेली नव्हती. त्यावर रान उठलं, आणि ग्रंथालयात बसून होणाऱ्या वाचनाचं काय, हा टीकाकारांचा एक मुद्दा होता.

त्यांची प्रणाली कोहा (ग्रंथालयाचं कामकाज सांभाळणारं सॉफ्टवेअर) आहे, आमचीही. कोहाच्या आकडेवारीच्या टेबलात इश्यू, मुदतवाढ, परतावा आणि जागेवरचा वापर हे प्रकार वेगवेगळे नोंदले जातात. हे मला ठाऊक असायला हवं होतं. मागे मी समितीपुढे देवघेव वाढल्याचा आलेख मिरवला होता. त्यात आपोआप होणाऱ्या मुदतवाढी मिसळल्या होत्या, हे घरी आल्यावर लक्षात आलं. म्हणून सांगतो, यजमानांकडून आलेखांआधी व्याख्यांचा कागद मागून घ्या.

दुसरा दिवस ई-संसाधनांचा, म्हणजे ऑनलाइन पुस्तकं आणि नियतकालिकांचा. वापराचे अहवाल प्रकाशकांकडून येतात ते 'काउंटर' नावाच्या मानकानुसार (आपल्या देवघेवीच्या काउंटरशी त्याचा संबंध नाही). हा उपक्रम २००२ चा, आणि जानेवारी २०२५ पासून ५.१ ही आवृत्ती लागू आहे. एका वाचकाने त्याच बैठकीत एकच लेख आधी वेबपानावर आणि मग पीडीएफ उघडून वाचला, तर 'एकूण' मागण्या दोन आणि 'युनिक' एक. दोन प्रकाशकांची तुलना करायची तर युनिकच घ्यावी.

पण तिथला माझा आवडता आलेख दाराशी परत पाठवलेल्यांचा. पुस्तकांसाठी टीआर-बी२ आणि नियतकालिकांसाठी टीआर-जे२ या अहवालांत नकार दोन प्रकारचे असतात. एक म्हणजे परवानाच नाही. दुसरा म्हणजे परवाना आहे, पण एका वेळी जितक्यांना वाचता येतं तितके आधीच आत आहेत. दुसऱ्या प्रकारात एक पाठ्यपुस्तक परीक्षेआधी उसळी मारताना दिसलं. त्यांनी त्या एका पुस्तकाचे एकाच वेळचे वाचक वाढवून घेतले. वर्गणीचं नूतनीकरण करायच्या आधी निदान हे दोन अहवाल तरी उघडाच.

आलेख त्यांनी मेटाबेस या आलेख काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेत. पॉवर बीआयमध्येही झाले असते, त्यावर वाद घालण्यात आम्ही जेवणाची सुट्टी वाया घालवली. खरा वेळ खातात ते प्रकाशक, ज्यांचे अहवाल सुशी या प्रोटोकॉलने आपोआप ओढता येत नाहीत. त्यांच्यासाठी महिन्याला एक माणूस बसवावा लागतो, तो आधीच धरून ठेवा.

वाचकांच्या परीक्षेतल्या गुणांशी हे आकडे जोडता का, असं मी विचारलं. मॅडम जरा थंडच झाल्या. ब्रिटनमधल्या हडर्सफील्ड विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या प्रकल्पात, २०११ च्या सुमारास, पुस्तकं नेणं आणि ई-संसाधनं वापरणं यांचा निकालाशी संबंध दिसला, गेटमधून आत येण्याचा मात्र तसा दिसला नाही. शिवाय संबंध म्हणजे कारण नव्हे, हे त्या संशोधकांनीच बजावलं होतं. मॅडमकडच्या डॅशबोर्डवर नाव किंवा सभासद क्रमांक येतच नाही, फक्त विभाग आणि वर्ष. एखाद्या रकान्यात दहापेक्षा कमी माणसं असली तर तो रकाना कोरा. लहान विभागात 'संशोधक, एक' असं लिहिलं की ती कोण हे सगळ्यांना कळतंच, मॅडम म्हणाल्या.

निघताना एक प्रश्न विचारून घ्या, तो मला उशिरा सुचला: कोणते आलेख तुम्ही बंद केलेत? त्यांनी लांबलचक यादी काढली. सहा महिने ज्यावरून कुणी काही बदललं नाही, तो आलेख ते काढून टाकतात. आता मुख्य पानावर सातच उरलेत. पहिला गेटचा, खाली बारीक अक्षरांत ते हाताने मोजलेलं प्रमाण.

परत आल्यावर सहकाऱ्याने मागणीपत्र लिहिलं. त्यात सर्व्हरचं नाव नव्हतं. वाचनकक्षाच्या ट्रॉलीसाठी एक बिनतारी स्कॅनर, आणि सोलून निघालेल्या लेबलांसाठी नवा रोल.