भाऊबीज, ओहोटी आणि एक कुरव

भाऊबीज. सकाळचे साडेदहा. दुपारी दादा-वहिनी जेवायला येतील. गॅसवर बासुंदी आटतेय, तेवढ्यात लिहून घेते.

दिवाळीभर धुराने समुद्राची वाट लावली होती. पलीकडच्या इमारती नुसत्या करड्या दिसायच्या आणि क्षितिज तर नाहीच. काल रात्री जमिनीवरून बरा वारा सुटला आणि हवा जरा धुतल्यासारखी झाली. भाची आदल्या रात्रीच मुक्कामाला आली होती. पहाटे वांद्र्याच्या किल्ल्यावर समुद्रपक्षी बघायला येतेस का, असं सहज विचारलं. रात्री दोनपर्यंत मोबाइल बघणारी ही मुलगी हो म्हणाली याचंच नवल.

आजची तिथी नामी होती. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ हाती येते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब. आज द्वितीया, म्हणजे दीडच्या सुमाराला भरती आणि सव्वासातच्या आसपास पूर्ण ओहोटी. त्यात अमावास्या नुकतीच झालेली, म्हणजे उधाणाचे दिवस. पाणी लांब मागे हटणार आणि खडक उघडे पडणार. मोबाइलवरच्या कोष्टकात थोडी मिनिटं इकडेतिकडे होतात, पण चहाचा थर्मास किती वाजता भरायचा हे ठरवायला पाऊणकी पुरते.

सकाळीच जायचं याला कारण आहे. मुंबईचा समुद्र पश्चिमेला. संध्याकाळी सगळी मुंबई सूर्यास्त बघायला बँडस्टँडवर जमते, पण पक्षी बघायला ती वेळ बिनकामाची. ऊन थेट डोळ्यांवर येतं, आणि उडणारं जे काही असेल ते काळंच दिसतं. सकाळी सूर्य आपल्या पाठीशी, शहराच्या डोक्यावरून येतो. समोर उडणाऱ्या पक्ष्याची चोच नारिंगी की पिवळी, हे तेव्हाच कळतं.

उंचीही लागते. खडकावर बसलं, डोळा पाण्यापासून दोन मीटरवर असला, तर क्षितिज जेमतेम ५ किलोमीटरवर असतं. पंचवीसेक मीटर वर चढलं की तेच १७-१८ किलोमीटरवर जातं. पोर्तुगिजांनी १६४० मध्ये इथे किल्ला बांधला तो जहाजांवर नजर ठेवायला, पण त्यांची जागा निवडायची नजर पक्षी बघणाऱ्यालाही धार्जिणी आहे. अर्थात १७ किलोमीटरवरचा पक्षी कुणालाच दिसत नाही. लांबचं दिसतं ते एवढंच, की कुठल्या होडीवर पांढरे ठिपके घिरट्या घालताहेत.

भाचीला आधीच सांगून ठेवलं होतं की खऱ्या अर्थाने खोल समुद्रात राहणारे पक्षी बघायला मुंबई ही वाईट जागा आहे. तिला वाटलं आत्या उगाच नन्नाचा पाढा लावतेय. पण कारण साधं आहे. आपल्या समोरचा समुद्र उथळ आहे. पाण्याखालचा भूखंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ तळ, मुंबईसमोर ३०० किलोमीटरच्या आसपास रुंद आहे. तेलविहिरींचं बॉम्बे हाय किनाऱ्यापासून १६० किलोमीटरवर, आणि तिथेसुद्धा पाणी साधारण ७५ मीटरच. खोल पाण्याच्या कडेला चरणारे पक्षी तिथून इतक्या आत कशाला येतील? दुसरं म्हणजे वारा. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ना, तेच. पाऊस परतला की पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. जे काही जवळ यायचं ते आणखी लांब ढकललं जातं.

पावसाळ्यात नेमकं उलट. नैर्ऋत्येचा वारा पक्ष्यांना अक्षरशः किनाऱ्यावर आणून आपटतो. दमलेला मास्क्ड बूबी कुठल्यातरी पुळणीवर सापडला, अशी बातमी जून-जुलैत कोकणातून किंवा मुंबईतून येतेच. विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल तर बुलबुलाएवढा जीव, अंटार्क्टिकाच्या बाजूला वीण करतो आणि तिकडच्या हिवाळ्यात, म्हणजे आपल्या पावसाळ्यात, अरबी समुद्रावर येतो. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर घरटी करणारे ब्रायडल्ड टर्न पाऊस संपता संपता पिल्लांसकट समुद्रात निघून जातात. हे सगळं आपल्या समोरच, पण नजरेच्या पलीकडे चाललेलं असतं. मला त्याचं वाईट वाटत नाही. भाचीला वाटलं. “मग आपण आलोय कशाला?”

आलो होतो सुरय, म्हणजे टर्न, मोजायला. पश्चिमेला तोंड करून बसलं की डावा हात दक्षिण. डावीकडे गेलेला पक्षी एका रकान्यात, उजवीकडे गेलेला दुसऱ्यात. हंगामाचा प्रवास डावीकडचा, पण मुक्कामाला थांबलेले पक्षी दिवसभर इकडून तिकडे करत राहतात, म्हणून दोन्ही लिहायचे आणि शेवटी वजाबाकी करायची. भाचीने पहिल्या दहा मिनिटांत वहीवर रेघा ओढून घेतल्या आणि पुढची पंधरा मिनिटं एकही रेघ पडली नाही. खाली खडकांत काळसर रंगाचा समुद्री बगळा तेवढा होता. गळा पांढरा, पाय काळे, पंजे पिवळे. डबक्यात एक पिवळा पंजा हलवून हलवून मासा उठवत होता. तो इथलाच, बारमाही. रकान्यात त्याला जागा नाही.

मग चिंबईच्या बाजूने एक होडी जाळं ओढायला आली आणि सुरय दिसले. जाळ्यांचे थर्माकोलचे बोये तरंगत होते, त्यांतल्या जवळपास प्रत्येकावर एक एक बसलेला. त्यांतले काही उठून होडीवर घोटाळायला लागले. दुर्बिणीत एक नीट धरला. नारिंगी चोच, डोक्यामागे काळा तुरा, कपाळ पांढरं पडलेलं. हवेत एका जागी पंख मारत थांबला, चोच थेट खाली, मान वाकडी करून पाणी न्याहाळलं आणि दगडासारखा पडला. वर आला तेव्हा चोचीत आडवी मांदेली. एका झटक्यात ती फिरवून डोक्याच्या बाजूने गिळली, अंग झाडलं आणि परत बोयावर. हा छोटा तुरेवाला सुरय. यांच्या मोठ्या वसाहती इराणच्या आखातातल्या बेटांवर आहेत. थोड्या वेळाने सातआठ जणांची रांग पाण्यालगत, कुठेही न वळता, डावीकडे गेली. भाचीने रेघा मारल्या आणि मान वर न करता विचारलं, “हे कुठे चाललेत?” केरळ, श्रीलंका, कुठेही असेल. मधेच गोव्याला थांबतील. विचारायची सोय नाही.

कुरव, म्हणजे सीगल, आला तो साडेसातच्या पुढे. एकटाच, उत्तरेकडून, खडकांवरून इतक्या खालून गेला की दुर्बीण लावायची गरजच पडली नाही. मग वळून पाण्यावर बसला. नोव्हेंबर-डिसेंबरात याच जागी त्यांचे थवे असतात, पण हंगामातला पहिला तो पहिला. भाचीच्या मोबाइलमधल्या फोटोत आणि समोरच्यात काहीच साम्य नव्हतं, कारण फोटो उन्हाळ्यातला. उन्हाळ्यात याचं डोकं चॉकलेटी असतं, थंडीत ते पांढरं होऊन कानामागे नुसता गडद डाग उरतो. काळ्या डोक्याच्या कुरवाचंही तसंच होतं, म्हणून दोघांत गफलत होते. मी तिला डोळा बघ म्हटलं. याचा डोळा फिका, जवळजवळ पांढरा, भोवती लाल कडा. त्यामुळे कायम रागावल्यासारखा दिसतो. काळ्या डोक्याच्याचा डोळा काळाभोर असतो. शिवाय उठला तेव्हा पंखांच्या काळ्या टोकांत पांढरे आरसे, म्हणजे पांढरे ठिपके, स्पष्ट दिसले. म्हणजे हा तपकिरी डोक्याचा कुरव, पूर्ण वाढलेला.

या पक्ष्याची गंमत मला दरवर्षी नव्याने वाटते. सगळे याला समुद्रपक्षी म्हणतात, पण तो जन्मतो डोंगरावर. लडाखमधलं त्सो कार, त्सो मोरिरी, तिबेटमधली तळी, समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटर उंचीवरची. तिथे पाणी गोठायला लागलं की हिमालय ओलांडून खाली येतो. पहिल्या वर्षीच्या पिल्लाने तर समुद्र नावाची गोष्ट आयुष्यात पाहिलेली नसते, आणि ते थेट आपल्यासमोर येऊन भरतीवर डुलत बसतं.

खडकांवर एक कोळीण कालवं काढत होती. वाकून, लोखंडी टोकाने शिंपला उचकटायची, आतलं मांस पाण्याच्या बाटलीत. आमच्याजवळून जाताना थांबली. “काय बाय, त्याच्यातून काय दिसतं?” तिला दुर्बीण दिली. कुरव बघून म्हणाली, “हा? हा तर आमच्याकडं येतोच. माहीमच्या खाडीच्या तोंडाशी जा, शेकड्यानं बसतात. मासा नाय, नाल्यातून येतं ते खातात.” आणि निघाली. खरंच आहे. मिठी नदी जिथे समुद्राला मिळते तिथे काय वाहून येतं हे मुंबईकराला सांगायला नको. लडाखचं नितळ पाणी सोडून पक्षी येतो तो यासाठी.

भाचीने हाच मुद्दा पकडला. तिच्या मैत्रिणी गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचवर कुरवांना गाठिया टाकतात, हातावर घेऊन उभ्या राहतात, व्हिडिओ काढतात. त्यावरून मी येताना रिक्षात तिला दोन शब्द सुनावले होते. आता ती म्हणाली, “आत्या, त्यांना गटारातलं चालतं आणि गाठिया चालत नाही?”

प्रश्न रास्त होता. तळलेलं, खारट बेसन हे पक्ष्याचं अन्न नव्हे, हे तर आहेच. पण माझा खरा राग त्याच्यावर नाही, हे बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं. नाल्याच्या तोंडाशी तो स्वतः शोधतो, भांडतो, ओहोटी कधी याचा अंदाज बांधतो. लाँचमागे आला की त्याची नजर आपल्या हातावर असते. मला असा पक्षी बघायचा असतो ज्याला माझ्याशी काही देणंघेणं नाही. मी नसते तरी तो आज सकाळी इथून डावीकडे गेलाच असता. हे मी तिला सांगितलं. तिने “हं” केलं. पटलेलं “हं” कसं असतं ते मला माहीत आहे, हे तसं नव्हतं.

ऊन चढायला लागलं तसे किल्ल्याच्या उतारावरच्या गवतावर चतुर दिसायला लागले, पिवळसर, पंख न मिटता तरंगणारे. हेही प्रवासी. चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने मालदीवमधल्या वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून २००९ मध्ये मांडलं होतं की हे चतुर भारतातून निघून समुद्रावरून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात. पावसाबरोबर आलेला चातक याच सुमाराला आफ्रिकेकडे परततो. नोव्हेंबरात अमूर ससाणे नागालँडमधून निघून अख्खा देश ओलांडतात आणि अरबी समुद्रावरून सोमालियाकडे झेपावतात. ना पाण्यावर बसता येतं, ना मासा पकडता येतो, तरी. वाटेत हे चतुर खात असावेत असंही मानलं जातं. समुद्रपक्षी म्हणून यांची नोंद कुठेच होत नाही, पण आपल्या समोरचा समुद्र सलग पार करणारे हे. चातक किंवा ससाणा एकही आज दिसला नाही, दिसायची अपेक्षाही नव्हती. उंचावरून, बहुधा रात्री, कुठूनतरी जातील.

साडेआठला चहा संपला. वहीत डावीकडचे एकतीस, उजवीकडचे बावीस, कुरव एक. भाचीने वजाबाकी केली, नऊ. “एवढ्यासाठी पहाटे उठलो?” म्हणाली, पण पान फाडून न देता वही स्वतःच्या पिशवीत टाकली.

परतताना रिक्षात तिने सांगून टाकलं की येत्या रविवारी मैत्रिणींबरोबर मांडव्याला जायचं ठरलंय आणि गाठिया न्यायचे तिच्याकडे आलेत. नेऊ का? म्हटलं, ने. चांगल्या दुकानातला घे, सोबत तळलेली मिरची घे, आणि तुम्हीच खा.